बोटीच्या इंजिनाला सिंथेटिक ऑइल की मिनरल: ठरवायचं कसं

बोटीच्या इंजिनातलं ऑइल सहसा उष्णतेने संपत नाही. त्याआधीच पाणी, न जळलेलं इंधन आणि त्यातून तयार होणारं आम्ल त्याला निकामी करतं. सिंथेटिक ऑइल मात्र उष्णता आणि कडाक्याची थंडी सोसण्यात सरस असतं. त्यामुळे आपल्या इंजिनात ऑइलला नेमका त्रास कशाचा होतो हे पाहिल्याशिवाय या प्रश्नाचं उत्तर निघत नाही. एका बोटीत सिंथेटिक घालणं अगदी योग्य ठरतं. शेजारच्या बोटीत तेच ऑइल पेट्रोल आणि पाण्याने नासतं आणि निम्मं आयुष्यही न वापरता वर्षअखेरीला काढून टाकावं लागतं.

कारचे नियम बोटीला का लागत नाहीत

हमरस्त्यावर एका वेगाने धावणारी कार आपल्या ताकदीचा लहानसा हिस्साच वापरते. पाण्यावर उचलून धावणारी बोट तासन्‌तास ७० ते ८५ टक्के ताकद लावत असते. पाण्याला उतार नाही, त्यामुळे इंजिनाला मध्ये विसावाही नाही. याच्या उलट, गळ ओढत संथ चालणारी किंवा बंदरात आयडलवर घुटमळणारी बोट इतकी थंड राहते की ऑइल कधी नीट तापतच नाही. दोन्ही टोकं ऑइलला वाईट, पण वेगवेगळ्या कारणांनी.

दुसरा फरक इंजिन थंड करण्याच्या पद्धतीत आहे. समुद्राचं पाणी थेट ब्लॉकमधून फिरवणाऱ्या इंजिनाचा थर्मोस्टॅट ६० अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवलेला असतो, कारण त्याहून बरंच गरम झालं की क्षार आतल्या भिंतींवर थर धरू लागतात. कूलंट बंद चक्रात फिरवून हीट एक्सचेंजरने थंड करणारी इंजिनं साधारण ७५ ते ८५ अंशांवर चालतात. ऑइलमध्ये शिरलेली वाफ आणि पेट्रोल उडून जायला ऑइल ९० ते १०० अंशांपर्यंत जावं लागतं. थेट खाऱ्या पाण्यावर थंड होणाऱ्या इंजिनात ते अनेकदा तिथवर पोचतच नाही. मग ओलावा आत साचतो, काजळीशी मिसळून गाळ होतो आणि आम्ल वाढत जातं. या बिघाडापुढे बेस ऑइल, म्हणजे रसायनं मिसळण्याआधीचं मूळ तेल, सिंथेटिक असो वा मिनरल (खनिज तेलापासून शुद्ध केलेलं), फारसा फरक पडत नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे बोटीचा मुक्काम. कार रोज चालते. बोट आठवडेच्या आठवडे दमट, खारट हवेत उभी असते. व्हॉल्व्ह उघडणारे कॅम व टॅपेट आणि सायलेंडरच्या भिंती यांवरचा ऑइलचा पापुद्रा हळूहळू ओघळून जातो आणि उघड्या पोलादावर गंज धरतो. म्हणून बोटीच्या ऑइलमध्ये गंजरोधक रसायनं जास्त लागतात. कारसाठीचं उत्तम सिंथेटिक इथे कमी पडतं ते नेमकं याच ठिकाणी.

डब्यावरचा ‘सिंथेटिक’ शब्द काय सांगतो

अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट, म्हणजे एपीआय, बेस ऑइलचे पाच गट करते. गट १ आणि २ हे खनिज तेलापासून शुद्ध केलेले. दोन्हींचा व्हिस्कॉसिटी इंडेक्स, म्हणजे तापमान बदललं तरी दाटपणा किती टिकतो याचा आकडा, ८० ते १२०. गट २ मध्ये गंधक ०.०३ टक्के किंवा त्याहून कमी आणि संपृक्त रेणू ९० टक्के किंवा त्याहून जास्त असतात. गट ३ हेही खनिज तेलच, पण हायड्रोजनच्या साहाय्याने इतकं शुद्ध केलेलं की त्याचा इंडेक्स १२० किंवा त्याहून वर जातो. गट ४ म्हणजे कारखान्यात रेणू जोडून बनवलेलं पॉलीअल्फाओलेफिन, आणि उरलेलं सगळं, त्यात एस्टरही आलं, गट ५ मध्ये.

बाजारात ‘सिंथेटिक’ म्हणून मिळणाऱ्या बऱ्याच ऑइलचा पाया गट ३ असतो आणि अनेक देशांत तसं लिहायला परवानगी आहे. ‘सेमी-सिंथेटिक’ या शब्दाला तर ठरलेलं प्रमाणच नाही. त्यात गट ३ किंवा ४ किती आहे हे डबा सांगत नाही. त्यामुळे नुसत्या शब्दावर जाऊ नका. शिवाय इंजिन ऑइलमध्ये बेस ऑइलखेरीज बराच मोठा हिस्सा रसायनांचा असतो: आम्ल मारणारी, काजळी विखरून ठेवणारी, झीज रोखणारी, फेस मोडणारी, गंज थांबवणारी. बोटीला त्यातली कोणती आणि किती मिळतात हे स्पेसिफिकेशनवरून कळतं, बेस ऑइलच्या नावावरून नाही. उत्तम रसायनांचं मिनरल हे चुकीच्या रसायनांच्या सिंथेटिकपेक्षा बोटीला कधीही चांगलं.

पहिली पायरी: ग्रेड आणि स्पेसिफिकेशन

इंजिनाचं मॅन्युअल उघडा आणि दोन गोष्टी कागदावर उतरवा: एसएई ग्रेड (१५डब्ल्यू-४० सारखा; पहिला आकडा थंडीतल्या दाटपणाचा, दुसरा गरम असतानाचा) आणि एपीआय किंवा अन्य स्पेसिफिकेशन. या दोन्हींत बसणारी ऑइलच पुढच्या विचारात घ्यायची. सिंथेटिक-मिनरल हा प्रश्न त्यानंतरचा.

चार-स्ट्रोक आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेर लावलेलं इंजिन) आणि पेट्रोल इनबोर्ड (बोटीच्या आत बसवलेलं) यांसाठी अमेरिकेच्या नॅशनल मरीन मॅन्युफॅक्चरर्स असोसिएशनचं एफसी-डब्ल्यू हे प्रमाणपत्र पाहावं. त्यात गंज, फेस, घर्षणाने ऑइल पातळ होणं आणि फिल्टर तुंबणं यांच्या चाचण्या असतात. कारच्या ऑइलची खाऱ्या पाण्याच्या दृष्टीने एवढी कसोटी घेतली जात नाही. एफसी-डब्ल्यू मिनरलमध्येही मिळतं आणि सिंथेटिकमध्येही. एक्झॉस्टमध्ये धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिस्ट असलेल्या इंजिनांसाठी त्याचा वेगळा प्रकार आहे, कारण ऑइलमधला फॉस्फरस कॅटॅलिस्टला निकामी करतो.

डिझेलमध्ये सीआय-४, सीजे-४, सीके-४ ही एपीआयच्या वर्गांची नावं दिसतील. सीके-४ डिसेंबर २०१६ पासून आलं आणि ते सीजे-४ व सीआय-४ च्या जागी चालतं असं मानलं जातं. पण एक बारकावा लक्षात ठेवा. सीजे-४ आणि सीके-४ मध्ये राखेचं प्रमाण एक टक्क्यापर्यंत मर्यादित आहे, त्यामुळे आम्ल मारण्याची क्षमता, म्हणजे टीबीएन, सहसा थोडी कमी पडते. तुमच्या डिझेलमध्ये गंधक जास्त असेल आणि एक्झॉस्टमध्ये काजळी अडवणारा पार्टिक्युलेट फिल्टर नसेल, तर १० ते १२ टीबीएनचं सीआय-४ मिनरल हे ८ टीबीएनच्या झगमगीत सिंथेटिकपेक्षा इंजिन जास्त जपेल. टीबीएनचा आकडा उत्पादकाच्या तांत्रिक माहितीपत्रकात असतो. डब्यावर तो क्वचितच छापतात.

एफए-४ नावाचं ऑइल मात्र बोटीच्या डिझेलमध्ये घालू नका, इंजिन बनवणाऱ्याने स्पष्ट सांगितलं नसेल तर. सीके-४ च्याच वेळी आलेलं हे ऑइल मुद्दाम पातळ ठेवलेलं आहे आणि जुन्या इंजिनांसाठी ते नाही.

पातळपणाचं हे प्रकरण थोडं उलगडून पाहू, कारण बेअरिंग वाचतं किंवा जातं ते इथेच. १५० अंशांवर, जोरदार घर्षणात ऑइलचा दाटपणा किती उरतो याचं एक माप आहे, एचटीएचएस. एसएईच्या तक्त्यात १०डब्ल्यू-३० साठी हा आकडा किमान २.९ असावा लागतो. ५डब्ल्यू-४० आणि १०डब्ल्यू-४० साठी तो ३.५ आहे, तर १५डब्ल्यू-४० आणि २५डब्ल्यू-४० साठी ३.७. म्हणजे ‘४०’ लिहिलेली सगळी ऑइल सारखी नसतात. १५डब्ल्यू-४० मिनरल सांगितलेल्या आणि सतत ओझ्याखाली चालणाऱ्या इंजिनात ५डब्ल्यू-४० सिंथेटिक घालायचं असेल, तर त्याच्या माहितीपत्रकात एचटीएचएस ३.७ च्या वर आहे का ते बघा. बऱ्याच चांगल्या सिंथेटिकमध्ये तो असतो. ०डब्ल्यू-२० किंवा ५डब्ल्यू-२० ही कारची ऑइल मॅन्युअलमध्ये नसताना बोटीत घालणं म्हणजे बेअरिंगची परीक्षा पाहणं आहे.

दुसरी पायरी: ऑइल किती तापतं ते मोजा

निवडीचा अर्धा निकाल इथेच लागतो, आणि नेमकं हेच कुणी करत नाही. ऑइल टेंपरेचर गेज असेल तर उत्तम. नसेल तर इन्फ्रारेड थर्मामीटर पुरतो. बोट नेहमीच्या वेगाने, नेहमीच्या सामानासह सलग अर्धा तास चालवा. मग वेग कमी करून लगेच ऑइल पॅनच्या तळाजवळ, रंग लावलेल्या भागावर माप घ्या. चकचकीत उघड्या अॅल्युमिनियमवर हे यंत्र खूप कमी आकडा दाखवतं, म्हणून तिथे काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावून त्यावर नेम धरा. पॅनचा बाहेरचा भाग आतल्या ऑइलपेक्षा काही अंश थंड असतो, हेही धरून चाला. पेट्रोल इनबोर्डचं झाकण उघडण्याआधी ब्लोअर चालवून इंजिन खोलीतली पेट्रोलची वाफ बाहेर काढा आणि फिरत्या बेल्टपासून हात, कपडे लांब ठेवा.

आकडा ८० अंशांखाली राहिला, तर तुमच्या ऑइलचा शत्रू ओलावा आणि इंधन आहे. तिथे वेळेवर बदललेलं मिनरल घ्यावं आणि वाचलेले पैसे जास्त वेळा ऑइल बदलण्यात घालावेत. ८५ ते १०५ अंश ही चांगल्या मिनरलची हक्काची जागा. इथे सिंथेटिक चालतं, पण गरजेचं नाही. ऑइल सतत ११० च्या वर राहत असेल तर सिंथेटिकचे पैसे वसूल होतात. ऑक्सिडेशनचा वेग, ढोबळ हिशेबाने, दर १० अंशांना दुप्पट होतो, आणि गट ३-४ ची ऑइल ते बराच काळ रोखून धरतात. १२५ च्या पुढे आकडा गेला तर आधी ऑइल कूलर, पाण्याचा पंप आणि प्रोपेलरचा पिच (एका फेऱ्यात तो किती पुढे सरकतो ते अंतर) तपासा. जास्त पिचचा प्रोपेलर इंजिनाला कमी आरपीएमवर दमवतो, आणि तो त्रास कुठलंही ऑइल दूर करत नाही.

थंडीचं गणित सरळ आहे. १५डब्ल्यू ऑइलची स्टार्टिंगची चाचणी उणे २० अंशांवर होते, १०डब्ल्यूची उणे २५ वर, ५डब्ल्यूची उणे ३० वर. जिथे पाणी आणि हवा कधी दहा अंशांखाली जात नाही, तिथे थंड स्टार्टिंगसाठी सिंथेटिक घेण्यात अर्थ नाही. बर्फाळ हवामानात पहाटे इंजिन चालू करणाऱ्याला मात्र फरक पहिल्याच दिवशी जाणवतो: क्रँक हलका फिरतो, बॅटरी कमी खाल्ली जाते, ऑइल प्रेशर लवकर चढतं.

कुठल्या इंजिनाला काय

लहान चार-स्ट्रोक आउटबोर्ड, वर्षाला ५०-१०० तास: एफसी-डब्ल्यू प्रमाणित १०डब्ल्यू-३० किंवा मॅन्युअलमधला ग्रेड, मिनरल. १०० तास किंवा वर्ष, जे आधी येईल तेव्हा बदल. बहुतेक आउटबोर्डचा हाच ठोकताळा असतो. दीडशे हॉर्सपॉवरच्या वरची, सुपरचार्जर असलेली किंवा दिवसभर पूर्ण थ्रॉटलवर धावणारी आउटबोर्ड असेल तर एफसी-डब्ल्यू सिंथेटिक किंवा सेमी-सिंथेटिक घ्या.

समुद्राच्या पाण्यावर थंड होणारं जुनं पेट्रोल इनबोर्ड: यांत बरीच इंजिनं सपाट टॅपेटची असतात. कॅम आणि टॅपेट यांच्यातला दाब प्रचंड असतो आणि तिथे जस्त-फॉस्फरसचं झेडडीडीपी नावाचं रसायन झीज थांबवतं. कारच्या ३० आणि त्याहून पातळ ग्रेडच्या नव्या ऑइलमध्ये कॅटॅलिस्ट वाचवण्यासाठी फॉस्फरस ८०० पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत ८००) मर्यादित केलेला असतो. अशा इंजिनात कारचं महाग सिंथेटिक घातलं तर कॅमचे उंचवटे झिजू शकतात. २५डब्ल्यू-४० एफसी-डब्ल्यू मिनरल किंवा सेमी-सिंथेटिक इथे चपखल बसतं.

टर्बो नसलेलं, संथ फिरणारं डिझेल: मासेमारीच्या बोटी, शिडाच्या बोटींची छोटी इंजिनं, जनरेटर. १५डब्ल्यू-४० सीआय-४ किंवा सीके-४ मिनरल डोळे झाकून. हे ऑइल काजळी पोटात घेतं, टीबीएन भरपूर असतो आणि वेळेवर बदललं की इंजिन हजारो तास चालतं. अशा इंजिनात सिंथेटिक घातल्याने नुकसान काही नाही, पण फायदा शोधावा लागेल.

टर्बो आणि आफ्टरकूलर (टर्बोने दाबलेली हवा थंड करणारा) असलेलं वेगवान डिझेल: सिंथेटिकची सगळ्यात पक्की जागा हीच. टर्बोची बेअरिंगं ऑइलवरच तरंगतात आणि ऑइलनेच थंड होतात. पूर्ण वेगाने येऊन इंजिन झटकन बंद केलं की तिथे अडकलेलं ऑइल भाजून कडक कोळसा होतं, पुढच्या वेळी त्याचे कण बेअरिंगमध्ये शिरतात, आणि कोळशाने वाट अरुंद झाली की ऑइल पोचत नाही. सिंथेटिकमध्ये हा कोळसा बराच कमी धरतो. तरीही बंद करण्याआधी तीन ते पाच मिनिटं आयडलवर चालवण्याला पर्याय नाही. कोणत्या बेसचं आणि कोणत्या मान्यतेचं ऑइल हवं हे अशा इंजिनाचा उत्पादक अनेकदा स्पष्ट सांगतो. तो शब्द शेवटचा माना.

दोन-स्ट्रोक आउटबोर्ड: इथे फक्त टीसी-डब्ल्यू३. हे राखविरहित ऑइल पाण्यावर थंड होणाऱ्या दोन-स्ट्रोकसाठी बनवलेलं असतं. मोटरसायकल किंवा करवतीचं ऑइल हवेवर थंड होणाऱ्या, जास्त तापणाऱ्या इंजिनांसाठी असतं आणि त्यातली राख आउटबोर्डच्या प्लगवर व पिस्टनच्या डोक्यावर चढते. ५०:१ मिश्रण म्हणजे एक लिटर पेट्रोलला २० मिलिलिटर ऑइल. सिंथेटिकने धूर कमी होतो, पिस्टनच्या रिंगा स्वच्छ राहतात, पण सिंथेटिक आहे म्हणून प्रमाण कमी करू नका.

दोन-स्ट्रोक डिझेल, विशेषतः डेट्रॉइट डिझेल कंपनीच्या जुन्या ७१ आणि ९२ मालिका: यांना एकेरी एसएई ४०, सीएफ-२ वर्गाचं, एक टक्क्याखाली राख असलेलं ऑइल लागतं. नवं १५डब्ल्यू-४० सिंथेटिक घालून या इंजिनांवर उपकार होत नाहीत.

मोठ्या जहाजांच्या संथ क्रॉसहेड इंजिनांत हा प्रश्न जवळपास उद्भवतच नाही. तिथे सायलेंडरला वेगळं, जळून जाणारं ऑइल देतात आणि त्याची निवड इंधनातल्या गंधकावर ठरते. १ जानेवारी २०२० पासून जहाजाच्या इंधनातलं गंधक जगभर ०.५० टक्क्यावर आणलं गेलं. आधी ही मर्यादा ३.५० टक्के होती. कमी गंधकाच्या इंधनावर ७० किंवा १०० बीएनचं (हाही टीबीएनसारखा आम्ल मारण्याच्या क्षमतेचा आकडा) ऑइल चालू ठेवलं की न वापरलेलं कॅल्शियम पिस्टनच्या माथ्यावर कडक थर होऊन लायनर, म्हणजे सायलेंडरचं आतलं अस्तर, घासतं. जास्त गंधकावर कमी बीएन दिला की लायनर आम्लाने खरवडला जातो.

नवं किंवा नुकतं उघडून बसवलेलं इंजिन

रिंगा लायनरमध्ये नीट बसेपर्यंत थोडं घर्षण हवं असतं. घोटलेल्या लायनरवर फार निसरडं ऑइल आणि हलकं ओझं दिलं की भिंतींवर काचेसारखी लकाकी येते, रिंगा बसत नाहीत आणि इंजिन जन्मभर ऑइल पितं. दुरुस्तीनंतर पहिले २० ते ५० तास मिनरल ऑइल वापरा आणि इंजिन तापल्यावर त्याला मधलं ते जड ओझं द्या. आरपीएम सतत बदलत ठेवा. तासभर आयडलवर तर अजिबात नको. मग ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदला. सिंथेटिकवर जायचंच असेल तर ऑइलचा खप स्थिरावल्यावर जा. कारखान्यातून सिंथेटिक भरूनच आलेल्या नव्या इंजिनाला हा नियम लागू नाही. तिथे लायनरची घडण त्या हिशेबानेच केलेली असते.

मिनरलवरून सिंथेटिकवर जाताना

दोन्ही एकमेकांत मिसळतात. भर समुद्रात ऑइल कमी पडलं आणि हाताशी दुसरंच असेल, तर ग्रेड आणि स्पेसिफिकेशन जुळवून खुशाल घाला. कोरड्या इंजिनापेक्षा ते कितीतरी बरं. मिसळलेल्या ऑइलवर सिंथेटिकची मुदत मात्र धरू नका.

जुनं, गाळ साचलेलं इंजिन एकदम बदलू नये. ताज्या ऑइलमधली सफाईची रसायनं वर्षानुवर्षांचा गाळ एकाच वेळी सोडवतात आणि तो गाळ पंपाच्या जाळीवर जाऊन बसतो. आधी मिनरल डिझेल-ग्रेड ऑइलवर २५-३० तासांचे दोन छोटे फेरे करा. दर वेळी फिल्टर कापून कागदाच्या घड्या उलगडा. काळा चिकट गाळ कमी होत गेला की मगच सिंथेटिक. आणि सिंथेटिक घालून गळती सुरू झाली तर दोष सहसा सीलचा असतो. कडक झालेल्या सीलच्या फटी गाळाने बुजलेल्या असतात, गाळ धुतला की त्या उघड्या पडतात. सील बदलायची तयारी नसेल तर जुन्या इंजिनाला मिनरलवरच ठेवा.

बदलण्याची रीत अशी. बोट १५-२० मिनिटं ओझ्यावर चालवून ऑइल गरम करा, म्हणजे गाळ आणि पाणी त्यात मिसळून बाहेर येतं. इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबा. इनबोर्डमध्ये खालचा प्लग हाताला येत नसेल तर डिपस्टिकच्या नळीतून व्हॅक्यूम पंपाने ओढा. नळी तळाला टेकल्याची खात्री करा, नाहीतर सगळ्यात घाण थर खालीच राहतो. फिल्टरभोवती प्लॅस्टिकची पिशवी लपेटून तो सोडवा आणि जुनी रबरी रिंग ब्लॉकला चिकटलेली नाही ना हे हाताचं बोट फिरवून पाहा. दोन रिंगा एकावर एक बसल्या की पूर्ण ऑइल मिनिटभरात बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळातल्या खोलगट जागेत, जातं. नव्या रिंगला ऑइल लावा, टेकेपर्यंत फिरवा आणि पुढे पाऊण फेरा हाताने. मॅन्युअलमधल्या मापाच्या ९० टक्के ऑइल घाला, दोन मिनिटं आयडलवर चालवून प्रेशर आणि गळती बघा, बंद करून दहा मिनिटांनी डिपस्टिक पाहत उरलेलं थोडं थोडं भरा. बोट पाण्यात सपाट असतानाच मोजा. जास्त भरलेल्या ऑइलला क्रँकशाफ्ट घुसळून फेस आणतो आणि फेस बेअरिंगला वंगण देत नाही.

गरम आयडलवरचं ऑइल प्रेशर बदलापूर्वी आणि नंतर, सारख्या आरपीएमवर लिहून ठेवा. नव्या ऑइलवर ते ठळकपणे घसरलं तर ग्रेड पातळ निवडला गेला आहे.

गिअरबॉक्सचं ऑइल हा वेगळा विषय. काही गिअरबॉक्सना एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) लागतं, काहींना इंजिन ऑइल. कोन (शंकूच्या आकाराचा) क्लच असलेल्यांत घर्षण कमी करणारी रसायनं असलेलं ऑइल घातलं की क्लच घसरतो. इंजिनात सिंथेटिक घातलं म्हणून डब्यात उरलेलं तिथे ओतू नका.

मुदत वाढवायची का

‘सिंथेटिक आहे, दुप्पट चालेल’ हे बोटीच्या बाबतीत सगळ्यात महाग पडणारं वाक्य आहे. वर्षाला ६० तास चालणाऱ्या बोटीचं ऑइल तासांनी मरतच नाही. ते उभ्या बोटीत ओलाव्याने आणि आम्लाने मरतं आणि वर्षातून एकदा बदलावंच लागतं. अशा बोटीत सिंथेटिकचं लांब आयुष्य निम्मंही वापरलं जात नाही. वर्षाला हजार-बाराशे तास चालणाऱ्या कामाच्या बोटीत मात्र दर २५० तासांनी बदल म्हणजे वर्षाला चार-पाच खेपा आणि प्रत्येक वेळी बोट बंद. तिथे मुदत वाढवण्याचा विचार रास्त आहे, पण उत्पादकाची परवानगी आणि प्रयोगशाळेचा अहवाल हातात असेल तरच.

अहवालासाठी आधी कोऱ्या ऑइलचा नमुना द्या, म्हणजे तुलनेला आधार मिळतो. वापरलेल्याचा नमुना इंजिन गरम असताना, पॅनच्या मधल्या उंचीवरून, स्वच्छ नळीने घ्या आणि बाटलीवर इंजिनाचे व ऑइलचे तास लिहा. टीबीएन कोऱ्याच्या निम्म्यावर आला किंवा आम्लाचा आकडा त्याला गाठायला लागला की ऑइल संपलं. डिझेलचं प्रमाण दोन टक्क्यांपुढे गेलं की इंजेक्टर तपासायला लागा, पाच टक्के झालं की ऑइल त्याच दिवशी काढा. सोडियम आणि मॅग्नेशियम एकत्र वाढले तर समुद्राचं पाणी. सोडियम किंवा पोटॅशियम बोरॉन-सिलिकॉनसोबत वाढलं तर कूलंट. मॅग्नेशियम काही ऑइलच्या रसायनांतही असतं, कोऱ्याचा नमुना लागतो तो त्यासाठीच. तांबं आणि शिसं बेअरिंगकडे बोट दाखवतात, लोखंड आणि क्रोमियम लायनर-रिंगांकडे.

काही दुखणी ऑइल बदलून जात नाहीत

डिपस्टिकवर पातळी आपोआप वाढली आणि ऑइलला पेट्रोलचा वास आला, तर चार-स्ट्रोक आउटबोर्डमध्ये इंधन खाली उतरतंय. थंड पाण्यात तासन्‌तास संथ चालवणं हे नेहमीचं कारण, उघडा अडकलेला थर्मोस्टॅट हे दुसरं. थर्मोस्टॅट बदला आणि दर फेरीत निदान पंधरा-वीस मिनिटं जोरात चालवा. पातळ झालेलं ऑइल ताबडतोब काढा. ते मिनरल असो वा सिंथेटिक, त्याचा दाटपणा गेलेला असतो.

ऑइल दुधाळ झालं तर आत पाणी आहे. झाकणाखाली थोडा पिवळट फेस आणि डिपस्टिकवर स्वच्छ ऑइल, हा बहुधा नुसता ओलावा. इंजिन नीट तापवून चालवलं की जातो. डिपस्टिकच दुधाळ असेल तर हेड गॅस्केट, गंजलेला एक्झॉस्ट मॅनिफोल्ड किंवा रायझर, फुटलेला ऑइल कूलर, किंवा सायफन तोडणारा व्हॉल्व्ह अडकल्यामुळे एक्झॉस्टमधून मागे आलेलं पाणी, यांतलं एक शोधा. शंका असेल तर ऑइलचा एक थेंब १५० अंशांच्या आसपास तापलेल्या तव्यावर टाका. तडतडला तर पाणी आहे. डोळ्यांना चष्मा हवाच. बिघाड दुरुस्त केल्यावर साधं मिनरल १५डब्ल्यू-४० भरून इंजिन काही मिनिटं चालवून काढायचं, असं तीन वेळा, फिल्टरसकट. खारं पाणी शिरलेल्या इंजिनात हे काम उद्यावर ढकलू नका. काही तासांत बेअरिंगवर आणि लायनरवर गंजाचे खड्डे पडायला लागतात.

बोट काही महिने उभी करायची असेल तर ऑइल उभी करण्यापूर्वी बदला. जुन्या ऑइलमधलं आम्ल मुक्कामभर बेअरिंग खात बसतं. नवं भरून इंजिन दहा मिनिटं चालवलं की गंजरोधक ऑइल सगळीकडे पोचतं. बाहेर उचललेल्या बोटीत त्यासाठी पाण्याची नळी जोडायला विसरू नका, नाहीतर पाण्याच्या पंपातला इंपेलर जळतो. काढलेलं ऑइल झाकणाच्या डब्यात भरून वापरलेल्या ऑइलच्या संकलनाला द्या, आणि बिल्जमध्ये सांडलेलं तेल शोषक पॅडने टिपून घ्या. बिल्ज पंप चालू करण्याआधी.